लाइप्झिगची रिकामी घरे

१९८९ सालच्या नोव्हेंबरच्या ६ तारखेस, म्हणजे बर्लिनची भिंत उघडण्यापूर्वी अवघे तीन दिवस, पूर्व जर्मनीच्या सरकारी दूरचित्रवाणीने एक अनुबोधपट दाखविला. ‘लाइप्झिग अजून वाचविता येईल काय?’ असा प्रश्नच त्याचे नाव म्हणून योजिला होता. ज्या राजवटीत सरकारी पडद्यावर सरकारी नाकर्तेपणाचे दर्शन घडणे अशक्य मानले जाई, त्या राजवटीत प्रेक्षकांनी त्या रात्री छपरे खचलेली, जिने कुजलेले आणि भिंतींतून पाणी झिरपणारी घरे पाहिली. लाइप्झिगकरांना त्यात नवे असे काही नव्हते; ते त्याच घरांत राहत होते. चारच आठवड्यांपूर्वी, ९ ऑक्टोबरच्या सोमवारी, निकोलाय चर्चमधील प्रार्थनेनंतर सुमारे ७०,००० माणसे याच शहराच्या वर्तुळमार्गावरून निःशस्त्र चालत गेली होती. त्यांना मतस्वातंत्र्य हवे होते, प्रवासाची मुभा हवी होती, हे सारे आपण वाचलेले आहे. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर गळत होते, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

या छपरांखाली ज्यांनी पैसा घातला, ज्यांनी तो गमावला आणि ज्यांनी कमावला, त्यांची ही हकीकत आहे. भाड्याची इमारत बांधावी आणि म्हातारपणी तिच्या उत्पन्नावर निर्धास्त राहावे, ही आकांक्षा आपल्या मध्यमवर्गास अपरिचित नाही. बडोदा, इंदूर, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी पेन्शनीचे पैसे असेच विटामातीत घातले आहेत. तेव्हा उज्जैन किंवा कोल्हापूर यांच्या तोलाचे एखादे शहर खचते आणि पुन्हा उभे राहते, तेव्हा भाड्याच्या घरांचे काय होते, हा प्रश्न आपल्यालाही अगदीच परका वाटू नये.

लाइप्झिग हे मूळचे व्यापाऱ्यांचे गाव. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याने १४९७ आणि १५०७ साली येथील जत्रेस सनदा दिल्या आणि युरोपच्या पूर्व-पश्चिम व्यापाराचा नाका येथे बसला. पुढे पुस्तकविक्रीची पेठही येथेच भरू लागली. १८३९ साली लाइप्झिग ते ड्रेस्डेन हा लोहमार्ग पुरा झाला आणि शहराने कात टाकली. पश्चिमेकडील प्लाग्वित्सच्या शेतजमिनी कार्ल हाइने नावाच्या वकिलाने (कवी हाइनेचा याच्याशी संबंध नाही) घेतल्या, कालवा खणविला, रस्ते आखले आणि तेथे कारखाने बसविले. १८८४ साली शेजारीच सुरू झालेली सूतगिरणी काही वर्षांत युरोपखंडातील सर्वांत मोठी गिरणी म्हणून गणली जाऊ लागली. १८७१ साली शहराची वस्ती सुमारे एक लाख होती. १९३० च्या सुमारास ती सात लाखांवर गेली.

या लोटास राहावयास घरे हवी होती. ती राजाने बांधली नाहीत की नगरपालिकेनेही बांधली नाहीत. ती बहुशः खासगी पैशातून, गहाणखतावर कर्ज काढून उभी राहिली. बांधणारा कंत्राटदार, कर्ज देणारी पेढी आणि विकत घेणारा दुकानदार, कारागीर किंवा एखादी विधवा, असा तो व्यवहार असे. रस्त्याच्या बाजूस चारपाच मजले, तळमजल्यावर दुकान, दर्शनी भागावर चुन्यातील फुलवेली आणि मुखवटे. मागे चौक, चौकात पुन्हा एखादे घर किंवा लहानसा कारखाना. संडास जिन्याच्या अर्ध्या वळणावर, दोन बिऱ्हाडांत मिळून एक. मुंबईच्या चाळीशी त्याचे साम्य आहे, मात्र चाळीस असा शृंगार कधी लाभला नाही. १८७१ ते १९१४ या काळातील अशी घरे आज जर्मनीतील कोणत्याही शहरापेक्षा लाइप्झिगमध्ये अधिक शिल्लक आहेत, असे म्हटले जाते. ती शिल्लक का राहिली, याचे कारण मात्र अभिमान बाळगावे असे नाही. पाडून नवी बांधण्याइतका पैसा मध्यंतरी कोणाजवळ नव्हता.

१९३६ साली हिटलरच्या सरकारने सर्व किमतींबरोबर घरभाडीही गोठविली. युद्ध आले, बाँब पडले, राज्य बदलले, झेंडा बदलला. भाडे तेवढे बदलले नाही. नव्या समाजवादी राज्याने जुन्या शत्रूचा हा एक हुकूम मात्र जपून ठेविला आणि १९८९ पर्यंत चालविला. चौरस मीटरला महिन्याकाठी एक मार्काच्या आसपास भाडे ! त्यात छपराची कौले बदलावयाची म्हटली तरी मालकास कित्येक वर्षांचे भाडे खर्ची घालावे लागे; आणि पैसे असले तरी कौले मिळत नसत, गवंडी मिळत नसे. कित्येक मालकांनी घरे सरकारास फुकट देऊन टाकली. सरकारही ती घेऊन पस्तावत असावे, कारण त्याचा सारा भर १९७६ पासून शहराच्या पश्चिमेस उभारल्या जाणाऱ्या ग्रुनाऊ या काँक्रीटच्या वसाहतीवर होता. तेथे गरम पाणी नळाने येई, घरातच न्हाणीघर असे. जुन्या घरांत मात्र तपकिरी कोळशाची शेगडी आणि तिचा काजळलेला धूर. तरुण कुटुंबांनी ग्रुनाऊचा रस्ता धरला. जुन्या वाड्यांत म्हातारी माणसे, विद्यार्थी आणि ज्यांचे वशिले नव्हते असे लोक राहिले.

येथे आपल्याकडील एका कायद्याची आठवण होते. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण मानले. आणि पुढे पडू लागलेल्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मुंबईकराच्या तोंडी बसला तो त्यातूनच. दोन्ही ठिकाणी हेतू गरीब भाडेकरूस रस्त्यावर येऊ न देण्याचा होता आणि तो काही काळ साधलाही. परंतु गिरगावातील जागेस पागडीची किंमत तरी होती. लाइप्झिगमधील घरास १९८० नंतर कसलीच किंमत उरली नव्हती.

१९९० च्या ऑक्टोबरात दोन जर्मनी एक झाल्या. भांडवल पश्चिमेकडून येण्यास उत्सुक होते. तथापि घर कोणाचे हेच प्रथम ठरेना. नुकसानभरपाईपेक्षा मूळ मालमत्ता परत करणे श्रेयस्कर, असे तत्त्व नव्या कायद्याने स्वीकारले होते. तेव्हा समाजवादी राजवटीने घेतलेल्या घरांचे मालक पुढे आले. आणि त्यांच्याही मागे, नात्सी काळात ज्यांच्याकडून घरे कवडीमोलाने हिसकावून घेतली गेली त्या यहुदी कुटुंबांचे वारस. कोणी न्यूयॉर्कला होते, कोणी तेल अवीवला; कित्येकांचा मागमूसच उरला नव्हता. या हक्कांस न्याय होता, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण दावा निकालात निघेपर्यंत छप्पर थांबत नाही. एका घरास पाच वारस, तीन देश आणि एक गळका पन्हाळ, अशी ती अवस्था होती.

ज्या घरांचे दावे मिटले, त्यांवर पैशाचा पाऊस पडला, आणि तो कसा पडला हे जरा सविस्तर सांगावयास हवे. १९९१ साली संघराज्याने पूर्वेकडील प्रांतांसाठी एक कायदा केला. नवीन इमारतीच्या किंवा जुन्या इमारतीच्या दुरुस्तीच्या खर्चापैकी निम्मा खर्च पहिल्या पाच वर्षांत घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा त्याने दिली. त्या वेळी जर्मनीत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर शेकडा ५३ होता. समजा, म्यूनिकच्या एखाद्या दंतवैद्याने लाइप्झिगमधील एका सदनिकेच्या नूतनीकरणात चार लाख मार्क घातले. त्यांपैकी दोन लाख त्याने आपल्या दंतवैद्यकीच्या मिळकतीतून वजा केले की एक लाख सहा हजार मार्कांचा कर वाचला. मूळ चार लाख तरी त्याच्या खिशातले कोठे होते? ते बँकेने दिलेले. त्यावरील व्याजही हिशेबात वजा होई. म्हणजे भाडेकरू येवो न येवो, पहिली काही वर्षे तरी कागदावर दंतवैद्य फायद्यातच !

असे गुंतवणूकदार हजारोंनी आले, वा असे म्हणू या की त्यांच्या सह्या आल्या. ते स्वतः घर पाहावयास येत नसत. दलाल एक गुळगुळीत पुस्तिका दाखवी, त्यात रंगवून काढलेले दर्शनी भाग आणि भाड्याचे अंदाज असत. ते अंदाज बहुधा दलालाच्या इच्छेइतकेच पक्के असत. पाचदहा वर्षांनी अशा चढ्या भावाने विकल्या गेलेल्या सदनिकांस जर्मन भाषेत ‘भंगार मालमत्ता’ अशा अर्थाचा एक जोडशब्दच रूढ झाला, आणि त्यावरून बँकांविरुद्ध खटले चालले. म्हातारपणाची तरतूद म्हणून जिच्याकडे पाहिले तीच सदनिका म्हातारपणी हप्त्यांचे ओझे होऊन मानेवर बसली, अशी कुटुंबे पश्चिम जर्मनीत थोडी नाहीत. त्यांच्याविषयी हसू येत नाही. आपणही पुस्तिकेवरच्या चित्रावर सह्या करणारी माणसे आहोत.

लहानांचे हे झाले. मोठ्यांतला मोठा म्हणजे युर्गेन श्नायडर. शहराच्या मध्यभागी मेड्लर-पासाज नावाची छपरबंद पेठ आहे. पेट्या बनविणाऱ्या एका कारखानदाराने ती १९१२ ते १९१४ या काळात बांधविली. तिच्या तळघरात ‘आउअरबाखचे तळघर’ हे जुने मद्यगृह आहे. लाइप्झिगमध्ये शिकत असताना तरुण गटे तेथे जात असे, आणि ‘फाउस्ट’मधील एक प्रवेश त्याने तेथेच घडविला. उतरावयाच्या जिन्यापाशी फाउस्ट आणि सैतान यांचे पुतळे उभे आहेत, आणि फाउस्टच्या पायास हात लावल्यास भाग्य उजळते अशी समजूत असल्याने तो पाय चकचकीत झाला आहे. ही पेठ आणि शहरातील अनेक नामांकित वास्तू श्नायडरने १९९० नंतर विकत घेतल्या. काम त्याने मनापासून आणि उत्तम दर्जाचे केले, हे त्याचे निंदकही मान्य करतात. पैसा मात्र सारा बँकांचा. फ्रांकफुर्टमधील एका इमारतीत भाड्याने देता येण्याजोगे क्षेत्रफळ प्रत्यक्षाच्या दुपटीइतके दाखवून त्याने कर्ज उचलले होते, आणि ते मोजून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. १९९४ च्या एप्रिलमध्ये तो नाहीसा झाला. मागे राहिलेले कर्ज पाच अब्ज मार्कांहून अधिक होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत मायामी येथे तो सापडला आणि १९९७ च्या डिसेंबरात त्यास सहा वर्षे नऊ महिन्यांची शिक्षा झाली. बँकांच्या बेपर्वाईवरही न्यायाधीशांनी ताशेरे ओढले.

या प्रकरणात गवंडी, सुतार, रंगारी, नळकाम करणारे अशा लहान लहान उद्योगांची सुमारे पाच कोटी मार्कांची बिले थकली होती. त्यांविषयी विचारता सर्वांत मोठ्या सावकार बँकेचे प्रमुख हिल्मार कॉपर यांनी ती रक्कम म्हणजे ‘शेंगदाणे’ असे उद्गार काढले. त्यांच्या बँकेने ती बिले भागविण्याची तयारी दाखविली होती, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. पण शब्द गेला तो गेला. त्या वर्षीचा सर्वांत निंद्य शब्द म्हणून जर्मन भाषापंडितांनी त्याची निवड केली. महिन्याचा पगार देण्यासाठी ज्या सुताराने आपली मोटार विकली असेल, त्याच्या कानी तो शब्द कसा पडला असेल याची कल्पना करता येते.

एवढा पैसा आला, मग शहर भरले काय? ते रिकामे झाले. गिरण्या आणि यंत्रांचे कारखाने नव्या चलनात दोन वर्षेही टिकले नाहीत. इंदूरच्या वाचकास हे समजावून सांगावयास नको. तेथील हुकुमचंद मिल १९९१ सालीच बंद पडली. काम गेले तशी माणसे पश्चिमेकडे गेली. ज्यांना काम होते त्यांनी शहराबाहेर, त्याच करसवलतीवर शेतांत बांधलेली नवी घरे घेतली. १९८९ साली ५ लाख ३० हजार असलेली वस्ती १९९८ साली ४ लाख ३७ हजारांवर आली. २००० साली सुमारे ६०,००० घरे, म्हणजे दर पाच घरांमागे जवळजवळ एक, रिकामे होते. ज्यांची दुरुस्तीच झाली नव्हती अशी घरे त्यांत होतीच. पण मलईच्या रंगाने रंगविलेली, पितळी मुठी बसविलेली, आणि संध्याकाळी एकाही खिडकीत दिवा न लागणारी घरेही होती. घसाऱ्याचे कोष्टक भिंतीस ओळखते. भिंतीआड राहणारा मनुष्य त्यात कोठेच नव्हता.

हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांत हिनरिख लेमान-ग्रूबे हे एक. हे मूळचे पश्चिमेकडचे, हानोव्हरचे प्रशासक. १९९० ते १९९८ या काळात ते लाइप्झिगचे महापौर होते. २००० साली त्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने पूर्वेकडील प्रांतांत मिळून सुमारे दहा लाख घरे रिकामी असल्याचे दाखवून दिले आणि तीनचार लाख घरे पाडावीत अशी शिफारस केली. २००२ पासून पाडण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. दहा वर्षांपूर्वी ज्या सरकारने बांधण्यासाठी कर सोडला, तेच आता पाडण्यासाठी अनुदान देऊ लागले. ग्रुनाऊमधील हजारो सदनिका गेल्या. जुन्या घरांच्या रांगांतही, दातांच्या कवळीतील फटींसारख्या, मोकळ्या जागा दिसू लागल्या.

शेजारच्या ड्रेस्डेनने निराळा मार्ग काढला. २००६ साली तेथील पालिकेने आपल्या मालकीची सुमारे ४८,००० घरे एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीस एकगठ्ठा विकली आणि एका दिवसात शहर कर्जमुक्त केले. त्या वेळी या चातुर्याचे मोठे कौतुक झाले. लाइप्झिगवरही कर्ज होते आणि विक्रीची भाषा तेथेही चालली होती. परंतु २००८ च्या जानेवारीत नागरिकांनी कौल देऊन पालिकेचे उद्योग विकण्यास नकार दिला. पालिकेची गृहकंपनी पालिकेकडेच राहिली. ड्रेस्डेनला २०१७ साली पुन्हा नवी गृहकंपनी काढून घरे बांधावयास लागावे लागले.

याच मंदीच्या काळात, २००४ साली, काही लाइप्झिगकरांनी एक संस्था काढली आणि ‘पहारेकऱ्यांचे घर’ ही कल्पना मांडली. ती इतकी साधी होती की कोणत्याही अर्थतज्ज्ञास ती सुचली नसती. रिकाम्या घरास सर्वांत मोठा धोका असतो तो त्यात कोणी नसण्याचा : काच फुटते, पाऊस येतो, हिवाळ्यात नळ गोठून फुटतात, तांबे चोरीस जाते. तेव्हा मालकाने घर पाच वर्षांसाठी विनाभाडे द्यावे. छप्पर आणि नळ-वीज यांची निकडीची सोय त्याने करावी. वापरणाऱ्यांनी पाणीपट्टी, विमा वगैरे चालू खर्च सोसावा आणि घरात वावरावे, एवढाच करार. वाहतुकीच्या रस्त्यांवरील, कोपऱ्यावरील, कोणीही भाड्याने न घेणारी घरे अशा रीतीने चित्रकार, शिंपी, सायकल दुरुस्त करणारे, वाद्ये बनविणारे यांच्या हाती आली. दर्शनी भागावर मोठा कापडी फलक लागे. त्यांनी भिंती खरवडल्या, जमिनी घासल्या, आणि संध्याकाळी खिडक्यांत दिवे लावले.

पुढचे दशक शहराच्या बाजूने वळले. पोर्शे आणि बीएमडब्ल्यू यांचे मोटार-कारखाने आले, २००८ साली मालवाहू विमानांचे मोठे केंद्र आले. स्वस्त जागेच्या शोधात बर्लिनहून विद्यार्थी आणि कलावंत आले. जुन्या सूतगिरणीत चित्रशाळा भरल्या. २०१० नंतर वस्ती झपाट्याने वाढली आणि पुढे सहा लाखांच्या वर गेली. मग पैसाही पुन्हा आला. या खेपेस दंतवैद्यांबरोबर ल्युक्सेंबुर्ग आणि डेन्मार्कचे फंडही होते. ज्या घरांस फुकट कोणी विचारीत नव्हते, त्यांची घाऊक खरेदी होऊ लागली. शून्यावरून उठलेल्या भावात काहींना अमाप लाभ झाला. तो बहुधा त्यांना झाला ज्यांनी १९९४ च्या दंतवैद्याची सदनिका २००५ च्या सुमारास लिलावात घेतली. वारसांचा मागमूस नसलेल्या काही घरांच्या बाबतीत तर पालिकेच्याच कारभाराचे लफडे २०११ साली बाहेर आले : वारसांचा पुरेसा शोध न घेताच प्रतिनिधी नेमून घरे विकली गेली होती. साठसत्तर वर्षांपूर्वी ज्यांचे घर गेले, त्यांचे ते असे दुसऱ्यांदा गेले.

लाइप्झिगमध्ये दहांतील आठांहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात. तेव्हा भाववाढीचा अर्थ तेथे बहुतेकांस एकच कळतो. २०२२ साली सॅक्सनी प्रांताने लाइप्झिग आणि ड्रेस्डेन येथे नव्या भाडेकरारांवर मर्यादा घातली : नवे भाडे आसपासच्या प्रचलित भाड्यापेक्षा शेकडा दहाहून अधिक असता कामा नये. १९३६ च्या गोठवणुकीशी याची तुलना करणारे मालक आहेत. मला ती तुलना पटत नाही, कारण येथे भाडे गोठलेले नसून त्याची चाल तेवढी मंद केली आहे. पण मालकांच्या मनात ती जुनी आठवण जागी होते, हेही समजण्यासारखे आहे.

पहारेकऱ्यांच्या घरांची पाच वर्षांची मुदत एकेक करून संपली. काही ठिकाणी मालकाने त्याच मंडळींशी माफक भाड्याचा करार केला. काही ठिकाणी फलक उतरला, पहाड उभारले गेले आणि शिंपी, चित्रकार आणखी पूर्वेस आइझेनबानस्ट्रासेकडे सरकले. पुढे तेथेही भाडी वाढू लागली. शहरातील काही रहिवाशांनी, भाव चढण्यापूर्वीच, मित्रांकडून आणि नातलगांकडून थोडे थोडे कर्ज गोळा करून आपण राहत होतो ती घरे स्वतःच विकत घेतली. त्यांतील काही घरे फ्रायबुर्ग येथील एका भाडेकरू-संघाच्या योजनेत सामील आहेत. त्या योजनेत घराची मालक एक लहानशी कंपनी असते. तिचा एक भाग रहिवाशांच्या मंडळाकडे आणि दुसरा संघाकडे असतो, आणि दोघांपैकी कोणासही दुसऱ्याच्या संमतीवाचून घर विकता येत नाही. रहिवासी दरमहा भाडे भरतात, त्यातून कर्ज फिटते, आणि कर्ज हलके होऊ लागले की त्या भाड्यातील काही भाग पुढच्या एखाद्या घराच्या खरेदीसाठी संघाच्या निधीत जातो.